कारभाऱ्याला जागा हवी

सॉफ्टवेअरच्या आराखड्यातला दोष काढायचा, तर आधी त्याला राहायला दुसरी जागा द्यावी लागते. म्हणून अनुराधा टिळेकर सोमवारी सकाळीच आपल्या दोषाला घेऊन पुनर्वसन कचेरीत जाऊन बसल्या.

दोष सभ्य होता. अर्ध्या बाह्यांचा सदरा, मांडीवर डबा. नऊ वर्षांपूर्वी एका मंगल कार्यालयाचं सॉफ्टवेअर लिहिताना बाईंनी घाईघाईत दिवे, स्वयंपाक, सनई, सगळं एकाच खणात कोंबलं होतं. तो खण म्हणजे हा कारभारी. परवा तो जिलब्या मोजत बसला, दिवे लागलेच नाहीत आणि नवरीने अंधारात वरमाला सासऱ्यांच्या गळ्यात घातली. येत्या रविवारी तिथेच बाईंच्या भाचीचं लग्न होतं.

“याचे चौदा तुकडे करते,” बाई म्हणाल्या.

अधिकारी जाधवरांनी चष्मा कपाळावर नेला. “ताई, चौदा जण एकमेकांना विचारत बसले की मुहूर्त टळला. म्हणजे नवा दोष. त्यालाही जागा तुम्हीच द्यायची.”

“मी तेच म्हणतो,” कारभारी म्हणाला. “मला निदान कुणाला विचारावं लागत नाही.”

“तू गप्प बस, जिलबीमोज्या!”

बरीच घासाघीस होऊन तीन तुकड्यांवर ठरलं: मांडव, मुदपाकखाना, वाजंत्री. आराखड्याची गुणवत्ता शंभरात चाळिसावरून बहात्तरावर गेली.

“शंभर नाही होणार?”

“शंभरच हवेत म्हणणारे एक गृहस्थ आहेत. गेली सहा वर्षं बाहेरच्या बाकावर बसलेत.”

बाईंनी बहात्तरावर सही केली. कामं तिघांना गेली, कारभारी उरला.

“शनिवारपर्यंत जागा द्या, नाहीतर हा मूळ जागी परत,” जाधवर म्हणाले. “तुमच्या नावावर दुसरा कुठला आराखडा?”

“संसार आहे.”

“तिथलं सगळं कोण बघतं?”

“सगळं? मीच.”

जाधवरांनी हळूच कारभाऱ्याकडे पाहिलं, मग बाईंकडे. “म्हणजे जागा भरलेली आहे. आधी तुम्हाला हलवावं लागेल. पर्यायी जागा सुचवा.”

बाईंनी जरा विचार केला. “लग्नात पहिल्या रांगेतली खुर्ची चालेल?”

“चालेल की,” म्हणत त्यांनी शिक्का मारला.

रविवारी दिवे लागले, सनई वाजली. मंगलाष्टकं सुरू होणार, इतक्यात बाईंच्या यजमानांचा फोन आला.

“अगं, मी अजून बनियनवरच आहे! कारभारी दूध तापवतोय. ते झाल्यावर इस्त्री म्हणतो.”

“मग थांबा,” बाई म्हणाल्या आणि खुर्चीत नीट टेकून बसल्या.