लेबलावरचा हात

मल्लेशम अण्णा माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी मानेकडे. मी कंपनीत रुजू झालो त्या दिवशी खुर्चीवर नीट टेकलोही नव्हतो, तोच मागून एक गार बोट माझ्या कॉलरमध्ये शिरलं. मी दचकून वळणार, तर आवाज आला, "हलू नको, वाचतोय." मग सावकाश निकाल लागला. साठ टक्के कॉटन, चाळीस टक्के पॉलिएस्टर. हा शर्ट मला सांगोल्याच्या दुकानदारानं शंभर टक्के कॉटन म्हणून दिला होता, आणि तोही मामाच्या ओळखीनं. त्यानंतर अण्णा समोर आले, हात पुढं केला आणि नाव सांगितलं.

आमची कंपनी अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आहे. आम्ही बाथरोब बनवतो, म्हणजे अंघोळीनंतर अंगावर चढवायचा टर्किश टॉवेलचा झगा. तो घातलेला माणूस मी सोलापुरात आजवर पाहिलेला नाही. इथं पंच्यावर भागतं, आणि एप्रिल-मेमध्ये अंग पुसायच्या आतच वाळतं. आमचा सगळा माल परदेशी जातो. मी त्याचे कागद बघतो आणि अण्णा लेबल बघतात. कापड कशाचं, बनलं कुठं, धुवायचं कसं हे सांगणारी ती बोटभर पट्टी, जी आपण टोचते म्हणून कापून फेकतो, ती अण्णांच्या सहीशिवाय छापायला जात नाही.

लेबल कापणाऱ्या माणसाबद्दल अण्णांचं मत वाईट आहे. डॉक्टरकडून औषध आणायचं आणि चिठ्ठी फेकून द्यायची, असा तो प्रकार आहे म्हणतात. आमच्या धाकट्या मालकांनी एकदा स्वतःच्या टी-शर्टचं लेबल कात्रीनं काढलं, तर अण्णा दोन दिवस त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलले.

अण्णा आयुष्यात हैदराबादच्या पुढं गेलेले नाहीत. पण जगातल्या प्रत्येक देशाचा स्वभाव त्यांना लेबलावरून पाठ आहे. अमेरिका संशयी, तिला माल कुठल्या देशात बनला ते बरोबर मानेच्या मधोमध लागतं, इंचभर बाजूला चालत नाही. जर्मनीत कापड कशाचं ते जर्मन भाषेतच लिहावं लागतं. धुण्याची चित्रं नसली तर तिथला कायदा काही म्हणत नाही, पण गिऱ्हाईक म्हणतं. कॅनडाच्या घरात दोन जावा आहेत, म्हणून एकच गोष्ट दोन भाषांत सांगायची. चीनला सगळं चिनीत. आणि जपान सर्वांत हळवा, तो चौकोनाच्या कोपऱ्यात दोन तिरप्या रेघा काढून सावलीत वाळवायला सांगतो. यावर अण्णांची हरकत अशी की सोलापूरच्या सावलीला जपानात ऊन म्हणत असतील, मग आपण नमुना वाळवायचा कुठं?

असा माणूस चारचौघांत नेणं जोखमीचं असतं. आमच्या अकाउंटंटच्या लग्नात आम्ही सगळे स्टेजवर आहेर द्यायला गेलो. अण्णांनी नवरदेवाला छातीशी धरलं आणि सोडेचनात. सगळ्यांना वाटलं, भरून आलं. नंतर अल्बम आला तेव्हा कळलं. फोटोत अण्णांचा चष्मा कपाळावर आहे आणि नाक नवरदेवाच्या शेरवानीत आहे. खाली उतरताना ते नवरीच्या कानात पुटपुटले होते, "ड्राय क्लीन ओन्ली हाय, पाण्यात घालू नको." त्या बिचारीला वाटलं सासरकडचा कुणी वडीलधारा नवऱ्याविषयी काही सांगतोय. ती आठवडाभर घाबरून होती.

लेबलावर सही करायची अण्णांची रीत मात्र पाहण्यासारखी. कापडाचा तपासणी अहवाल मुंबईच्या लॅबमधून येतोच. तो अण्णा वाचतात, घडी घालतात आणि नमुन्याचा झगा पिशवीत घालून साखर पेठेत घरी नेतात. तिथं तो लेबलावर लिहिलंय तसा वीस वेळा धुतला जातो, मापला जातो, आणि मग सही होते. "लॅबचा रिपोर्ट कागदावर, आपला दगडावर," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. हे करायला त्यांना कुणी सांगितलेलं नाही. एकतीस वर्षं हे चाललं आहे, आणि अण्णांनी सही केलेला झगा आटला किंवा त्याचा रंग गेला अशी तक्रार एकदाही आलेली नाही. थोरल्या मालकांनी म्हणूनच त्यांना वय उलटून गेल्यावरही ठेवून घेतलं होतं.

धुतं कोण, हे आम्ही कधी विचारलं नाही. अण्णा म्हणायचे, "झगा पास झाला," आणि आम्ही पुढच्या कामाला लागायचो.

तर या अण्णांनी गेल्या उन्हाळ्यात जपानच्या लेबलावर सही करायचं नाकारलं.

झगा नवीन होता, जरा पातळ विणीचा. जपानच्या गिऱ्हाइकानं पाठवलेल्या लेबलात पाण्याच्या टबाचं चित्र होतं आणि टबात एक हात बुडवलेला होता. याचा अर्थ मशीन नको, हातानं धुवा. अशी लेबलं अण्णांनी पूर्वी ढिगानं पास केली होती. या वेळी त्यांनी लाल पेननं हाताभोवती गोल केला आणि बाजूला लिहिलं, "हात काढा." टबाखाली फक्त दोन रेघा ठेवा, म्हणजे मशीनमध्ये अगदी हळुवार धुवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

मी ते इंग्रजीत करून पाठवलं. जपानहून चार परिच्छेदांचं नम्र उत्तर आलं. त्याचा मथितार्थ असा की हात राहू द्या, त्यात सगळ्यांचीच काळजी कमी. मशीनला टिकतो म्हणता तर पुरावा कुठं आहे? लॅबनं तपासणी फक्त हातानं धुण्याची केली होती, आणि नवीन तपासणीला वेळ नव्हता. शुक्रवारी लेबल छापायला गेलं नाही तर कंटेनर चुकणार होता.

धाकटे मालक तसे भांडखोर नाहीत. त्यांनी अण्णांना समोर बसवून समजावलं. हात ठेवला तर उद्या झगा फाटला तरी आपण म्हणू, तुम्ही मशीनला लावला असेल. हाताच्या चित्रानं आपलं काय जातं?

"आपलं काय जात न्हाय," अण्णा म्हणाले, आणि पेन खिशाला लावून उठले.

दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. एकतीस वर्षांत अण्णांनी न सांगता सुट्टी घेतलेली कुणाला आठवत नव्हती. मालक चिडले. गुरुवारी दुपारी मला फाईल देऊन त्यांनी स्पष्ट सांगितलं, उद्या सकाळपर्यंत अण्णांची सही पाहिजे. नसेल तर सही दुसरा कुणीतरी करेल, आणि यापुढंही तोच करेल. म्हातारपणी माणूस हट्टी होतो, असंही म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं, खोटं कशाला सांगू.

साखर पेठेतल्या त्यांच्या बोळात शिरलो तर बोळ ओळखू येईना. या घरापासून त्या घरापर्यंत दोऱ्या बांधल्या होत्या आणि त्यांवर पांढरे बाथरोब हात पसरून वाळत होते. सोलापुरात पाणी चार दिवसांआड येतं, आणि त्या दिवशी पाण्याचा दिवस होता. शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या घागरी, बादल्या, एक लहान मुलाचा टब, सगळं भरून अण्णांच्या दारात रांगेनं ठेवलेलं. एक शेजारीण मला म्हणाली, "आमच्या पिण्याच्या घागरी पण नेल्यात की वो त्येंनी. जपानचं काम हाय म्हनत्यात."

आत पडवीत एक कोरं वॉशिंग मशीन घरघरत होतं. त्याचा थर्माकोलही अजून बाजूलाच पडला होता. अण्णा गुडघ्यापर्यंत लुंगी खोचून त्याच्यासमोर स्टुलावर बसले होते, मांडीवर वही. वहीत सतरा खुणा होत्या.

कोपऱ्यात खुर्चीवर त्यांच्या पत्नी बसल्या होत्या. त्यांना सगळी गल्ली अक्का म्हणते, मीही म्हटलं. त्यांनी नमस्काराला हात जोडले तेव्हा दिसलं, दोन्ही हातांत पांढरे सुती मोजे होते. बाहेर बेचाळीस डिग्री ऊन होतं. मी बघतोय हे त्यांना कळलं. त्यांनी हसत एका हाताचा मोजा काढला. बोटांची कातडी ठिकठिकाणी फाटली होती, भेगा लाल होत्या आणि त्यांत मलम भरलं होतं.

डॉक्टरांनी निदान करायला दोन मिनिटंही घेतली नव्हती, असं अक्कांनी सांगितलं. साबण आणि सोडा. किती वर्षं धुताय, असं डॉक्टरांनी विचारलं. त्या म्हणाल्या, लग्न झाल्यापासून घरचे, आणि एकतीस वर्षांपासून कंपनीचे. आता निदान सहा महिने साबणाच्या पाण्याला हात लावायचा नाही.

"ह्यांना सांगितलं न्हाय मी आधी," अक्का म्हणाल्या. "सांगितलं असतं तर ह्यांची सही अडली असती."

अण्णा मशीनकडेच बघत होते. मी फाईल पुढं केली. मालकांचा निरोप जसाच्या तसा सांगितला, खुर्ची जाण्याचाही. त्यांनी मान डोलावली. त्यांना ते ठाऊकच होतं.

"लवटे," ते म्हणाले, "हे चित्र काढणाऱ्यानं ओला झगा कदी पिळलाय का? पाणी प्याला की पोत्यासारखा जड होतोय. एकतीस वर्षं लेबलावर हात आला की मी म्हनायचो, बरं, हातानं धू. कुनाचा हात, ते इचारलं न्हाय. रोज ताट वाढत हुती की समोर. मला दिसलं न्हाय."

एवढं बोलून ते रडले. आवाज न करता, चष्मा न काढता. मी वही उचलली. अठरावं धुणं संपलं होतं. मशीन भरायला सोबत घातलेले जुने झगे बाजूला करून आम्ही दोघांनी नमुन्याचा झगा काढला, झटकला आणि बाहेर दोरीवर टाकला. सोलापूरच्या उन्हानं तो चहा होईतो वाळवला. मी टेप धरला, अण्णांनी माप वाचलं, अक्का खुर्चीतूनच त्याच्या शिवणी डोळ्यांनी तपासत होत्या. मग त्या म्हणाल्या, बाहीची शिवण जवळ आणा. मोज्याच्या टोकानं त्यांनी ती चाचपली आणि मान हलवली. पास.

वीस धुणी झाली तेव्हा पाच वाजले होते. झगा लांबीला करंगळीच्या नखाएवढाही आटला नव्हता. मी सगळ्या मापांचे आणि शिवणींचे फोटो काढले आणि तिथूनच जपानला पाठवले. बाई कोण, हात कसले, यातलं काही लिहिलं नाही. फक्त एवढंच लिहिलं की आमच्या लेबल तपासणाऱ्या गृहस्थांनी नमुना मशीनमध्ये वीस वेळा धुतला आहे आणि त्यांना हात नको आहे.

शुक्रवारी सकाळी उत्तर आलं, या वेळी एका परिच्छेदात. तुमची तपासणी आम्ही मान्य करतो, पण पुढं तक्रार आली तर तिची जबाबदारी कुणाची, त्या माणसाचं नाव आणि सही लेबलाच्या मंजुरीवर पाहिजे. मालक म्हणाले, कंपनी असली जोखीम घेणार नाही. अण्णांनी तोवर पेनाचं टोपण काढलं होतं. एरवी मुंगीएवढी सही करणाऱ्या माणसानं त्या दिवशी पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट. मालकांनी तो कागद उचलून नाव वाचलं. मग त्यांनी मला तो पाठवायला सांगितलं आणि अण्णांच्या खुर्चीचा विषय पुन्हा काढला नाही.

लेबल छापून आलं. टबाखाली दोन रेघा, टब रिकामा. कंटेनर वेळेवर गेला.

हे सांगायला म्हणून मी रविवारी साखर पेठेत गेलो. खरं म्हणजे त्यांना ते कळलेलंच होतं, मला नुसतं जावंसं वाटलं. अण्णांनी जेवायला बसवलं. स्वयंपाक त्यांनीच केला होता. ज्वारीच्या भाकरीला गोल अशी एकही कड नव्हती. अक्का म्हणाल्या, काल ऑस्ट्रेलिया झाली होती, आज त्यामानानं बरी आहे. शेंगाचटणी मात्र विकतची होती, त्यामुळं चांगली होती.

मला वाटलं होतं, अक्का आतून चमचा आणतील. अण्णा त्यांच्यासमोर मांडी घालून बसले. भाकरी कुस्करली, वर डाळ घातली, कालवली, आणि घास करून अक्कांच्या तोंडाजवळ नेला. अक्का माझ्याकडे बघून लाजल्या आणि तेलुगूत त्यांना काहीतरी रागावल्या. बहुधा माणूस बसलाय समोर, असं म्हणाल्या असाव्यात. अण्णांनी घास तसाच धरून ठेवला होता, शेवटी अक्कांनी तो घेतला. मी ताटात खाली बघायला लागलो. माझी डाळ संपली होती आणि पातेलं अण्णांच्या पलीकडं होतं.

"तुजं तू वाढून घे की लवटे," अण्णा दुसरा घास करत म्हणाले, "माजा हात रिकामा न्हाय."