गिरिजाक्काचा अर्ज

दारात आलेल्या माणसाची नाडी बघितल्याशिवाय गिरिजाक्का त्याला सोडत नसे. दूधवाला असो, मीटर बघणारा असो, नाहीतर पूजेला आलेले गुरुजी. "स्वल्प हात द्या की," म्हणत ती मनगट धरायची आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ओठ हलवायची. मग निकाल. "अय्यो, ब्याण्णव! सुम्ने बसा दोन मिनिटं." गुरुजीसुद्धा गप्प बसायचे.

मी नोकरीसाठी साताऱ्याहून म्हैसूरला आले आणि तिच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले, तेव्हाची ही गोष्ट. तिचे पूर्वज शिपाईगिरी करत इकडे आलेले. घरात मराठी, पण निम्मी कन्नड. माझं बोलणं ऐकून ती खळखळून हसायची. "ताई, तुम्ही पेपर वाचल्यासारखं बोलता!"

नवरा हुणसूरच्या बसवर ड्रायव्हर. पोरं दोन, सहा वर्षांची चिन्नू आणि अडीच वर्षांचा बाळू. खरचटलेलं नसतानाही त्यांच्या गुडघ्यांवर पट्ट्या असत. अंगणातल्या पपईच्या झाडालाही एकदा होती.

एका रविवारी ती नर्सिंगच्या शाळेचा अर्ज घेऊन वर आली. "यंदा भरूनच टाकते." खाली सासूबाई रुसून बसल्या होत्या. 'पोरं कोण बघणार?' एवढंच त्या सकाळपासून भांड्यांना विचारत होत्या.

आम्ही सगळे रकाने भरले. एकच अडला. नर्स का व्हायचं आहे? मी सुचवलं, "समाजसेवेची आवड."

"छे! ते सगळ्याच लिहितात. राहू द्या रिकामा."

मुलाखतीला पोरांना घेऊन मीही गेले. दार उघडंच होतं आणि ऐकण्यापुरतं कन्नड मला येऊ लागलं होतं. मॅडमनी विचारलं, "मुलं लहान आहेत. ड्यूटी लागली तर सांभाळणार कोण?"

"माझा नवरा बस चालवतो, मॅडम. नोकरीला लागताना त्याला हे कोणी विचारलं नाही."

मॅडम हसल्या. तेवढ्यात बाळू माझा हात सोडून आत पळाला आणि थेट आईच्या मांडीवर चढला. मॅडमनी अर्ज उलटला. "हा रकाना रिकामा का?"

गिरिजाक्का पहिल्यांदाच हळू बोलली. "हा आठ दिवसांचा होता, तेव्हा आई इस्पितळात होती. तापात ती कन्नड विसरली. जन्मभर बोललेली भाषा. मराठीत म्हणत राहिली, मला कुशीवर करा गं. नर्सबाई चांगल्या होत्या. त्यांना वाटलं, म्हातारी देवाचं नाव घेते आहे. त्यांनी हात जोडले. मी पोचले तेव्हा आईची पाठ सोलून निघाली होती."

मॅडमनी बाळूच्या हातात पेन दिलं.

तिला प्रवेश मिळाला. तीन वर्षं पोरं सासूबाईंनीच सांभाळली आणि गल्लीभर "आमची सिस्टर, आमची सिस्टर" असं मिरवलं. आता ती हुणसूरच्या एका दवाखान्यात नोकरी करते आणि घरचे सगळे तिकडेच राहतात. खालचं घर बंद असतं, आणि मला दारात अडवून कोणी हात मागत नाही.

गेल्या महिन्यात तिला भेटायला गेले. ती एका म्हातारीवर वाकली होती. तंबाखूच्या शेतात उन्हाने रापलेली ती बाई. गिरिजाक्काने मराठीत विचारलं, "आई, कुशीवर करू का?"

म्हातारी गोंधळली. "एनम्मा?"

मग तेच कन्नडमध्ये विचारून तिने तिला अलगद वळवलं.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "इथे मराठी कोणाला कळणार?"

"कुणालाच नाही, ताई," ती हात पुसत म्हणाली. "पण विचारून बघायचं. एखादी असली तर?"