अकरा पुरस्कारांची गाडी

लिगाडे सरांची विजेवरची गाडी मंगळवारी सकाळी स्वतःच्या सत्काराला कोल्हापूरला निघून गेली, आणि नेमकं त्याच दिवशी रत्नमालाबाईंना डायलिसिससाठी सांगलीला न्यायचं होतं.

यात गाडीची चूक म्हणता येणार नाही. अकरा पुरस्कार मिळालेली, ग्राहकांनी पाचपैकी चार पूर्णांक नऊ दशांश तारे दिलेली गाडी. तिला बोलावणी येणारच. विट्यात तेवढे हार आमदारालाही पडत नसतील.

गाडी घ्यायला गेले तेव्हा शोरूममध्ये तिच्या शेजारीच दोन ताऱ्यांची एक करडी गाडी उभी होती. पुरस्कार एकही नाही. रत्नमालाबाई तिच्यात अलगद बसल्या आणि म्हणाल्या, "अहो, हीच घेऊ. पाय उचलावा लागत नाही."

सरांनी छत्तीस वर्षं हायस्कुलात पेपर तपासलेले. "दोन तारे म्हणजे नापास," ते म्हणाले. "एवढे लोक काय खुळे आहेत का?" करडी गाडी मग समोरच्या घरातल्या मुजावरांनी घेतली.

त्या मंगळवारी मुजावरांनीच सरांना आणि बाईंना सांगलीला नेलं. दवाखान्याच्या फाटकात ओळखीच्या पाटोळ्यांनी विचारलं, "सर, पुरस्कारवाली कुठाय?" सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पाटोळ्यांची आईही त्याच वॉर्डात असायची.

संध्याकाळी गाडी परत आली. बॉनेटवर शाल, पुढच्या सीटवर नारळ. सरांनी भीत भीतच शुक्रवारच्या डायलिसिसची आठवण करून दिली.

"शुक्रवारी इस्लामपूरला गुणगौरव आहे," गाडी म्हणाली. "पण सकाळचाच आहे. नऊला दारात हजर असेन."

शुक्रवारी आठ वाजता मुजावर गाडी काढून उभे राहिले. "सर, वहिनींना सोडतो की. मी तिकडंच निघालोय."

"नको. आमची येतेय नऊला."

इस्लामपूरला प्रमुख पाहुणे अकराला आले. मग भाषणं झाली. गाडी सहा वाजता परतली आणि दमल्यामुळे लगेच चार्जिंगला लागली. दवाखान्यानं फोनवर आता मंगळवारीच या म्हणून सांगितलं.

सोमवारपर्यंत बाईंचे पाय मडक्यासारखे सुजले. आडवं झालं की श्वास पुरेना, म्हणून त्या भिंतीला टेकून बसून राहिल्या. "मुजावरभावजींना सांगा ना," त्या म्हणाल्या.

"कशाला? तिनं उद्याचा दिवस मोकळा ठेवलाय. शब्द दिलाय."

सरांना बायकोची काळजी नव्हती असं कुणी समजू नये. काळजीनं त्यांचं जेवण तुटलं होतं. पण अकरा परीक्षक मंडळं एकाच वेळी चुकतील, हे त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं.

मंगळवारी सकाळी दारात नुसत्या चाकांच्या खुणा होत्या. साताऱ्याहून बाराव्या पुरस्काराचं तातडीचं बोलावणं आलं होतं. मुजावर सातलाच निघून गेले होते. त्यांचं विचारून शुक्रवारीच झालं होतं. सरांनी ॲम्ब्युलन्सला फोन लावला. ती निघाली, पण पोचायच्या आत, फाईल मांडीवर घेऊन पायरीवर बसलेल्या रत्नमालाबाई तिथेच सव्वादहाला गेल्या.

गाडी दुपारी आली. तिनं रीतसर दुःख व्यक्त केलं आणि अंगावरची शाल देऊ केली. शाल चांगली होती. बाईंच्या अंगावर तीच घातली.

तेराव्यानंतर पाटोळे भेटायला आले. बाईंच्या फोटोला नमस्कार केला. मग म्हणाले, "सर, वेळ बरी नाही, पण विचारतो. आईसाठी गाडी घ्यायचीय. मुजावरांच्यासारखी घेऊ, का तुमच्यासारखी?"

सरांनी समोर पाहिलं. करडी गाडी मुजावरांच्या दारात उभी होती. आपल्या दारातल्या गाडीच्या मागच्या काचेत बारा सन्मानचिन्हं ओळीनं लावलेली होती. गाडीला वाईट म्हटलं, तर रत्नमाला कशानं गेली तेही म्हणावं लागलं असतं. ते त्यांना झेपलं नसतं.

"हीच घ्या," सर म्हणाले. "पाच तारे."

गाडीनं दिव्यांची एकदा उघडझाप केली.

"आईला बसता येईल ना नीट?" पाटोळ्यांनी विचारलं.

"येईल की," सर म्हणाले. "पाय तेवढा उचलावा लागतो."