एम म्हणजे म्युझिक

बुद्धभूषण पगारे यांच्यावर एखादी वस्तू निवडायचं काम सोपवलं, की वस्तू यायला वेळ लागे, माहिती मात्र लगेच येई. कार्यालयात पाण्याचा फिल्टर घ्यायचा होता तेव्हा ते पाण्यातल्या क्षारांवर सव्वा तास बोलले होते. फिल्टर पुढच्या उन्हाळ्यात आला, आणि तोही दुसऱ्या कोणीतरी आणला.

त्यामुळे लताबाईंच्या निवृत्तीला काय भेट द्यायची यावर बोलणं निघालं, तेव्हा सगळ्यांनी जपून पगाऱ्यांकडे पाठ केली होती. लताबाई एकतीस वर्षं शिपाई होत्या. आता त्या सिन्नरला मुलाकडे जाणार होत्या. फायली नेता-आणताना त्या सतत काहीतरी गुणगुणत असत, म्हणून आवक-जावकच्या टेबलावरची आफिया म्हणाली, "गाण्याचं काहीतरी छोटंसं देऊया. मोबाईल त्यांचा साधा बटणांचा आहे, त्यात काही होत नाही."

हे ऐकताच पगारे खुर्ची मागे ढकलून उठले.

"म्युझिक प्लेअर. ते माझ्यावर सोडा. या विषयात नाशिकमध्ये माझ्याइतकं खोलात कोणी गेलेलं नसेल."

"सर, खोलात नको," आफिया म्हणाली. "लहान हवा, स्वस्त हवा, आणि बाईंना चालू-बंद करता यायला हवा. बस."

पगाऱ्यांनी त्याच दुपारी सतरा रकान्यांचा तक्ता आखला. वजन, मेमरी, बॅटरी, बटणं, कंपनीचं वय. भद्रकालीत सलाउद्दीनचं दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने पहिल्याच दिवशी एक राखाडी रंगाचा, काड्यापेटीएवढा प्लेअर काचेआडून दाखवला होता. मागे क्लिप, पदराला अडकवता येईल असा.

"पगारे साहेब, हा घेऊन जा. बाईमाणसाला एकदम सोपा," सलाउद्दीन म्हणाला.

पगारे हसले. पहिल्याच दुकानात पहिलीच वस्तू घेणं म्हणजे मुलगी न बघता लग्न ठरवण्यासारखं, असं त्यांनी त्याला समजावलं. मग तीन आठवडे ते फिरले. इंटरनेटवर अनोळखी लोकांशी वाद घातले. जर्मनीतल्या एका माणसाने त्यांना शेवटी उत्तर देणंच बंद केलं. आणि तक्त्याची बेरीज केल्यावर पहिला आला तो सलाउद्दीनचा राखाडी प्लेअर. त्यांनी फोनवरूनच तो पक्का केला, पैसे पाठवले आणि जुनी गाणी भरून ठेवायला सांगितलं. प्रत्यक्ष हातात घेऊन बघायची त्यांना गरज वाटली नाही. तक्ता होता ना.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, अकराच्या सुमारास, ते दागिन्यांची एक मखमली डबी घेऊन दुकानात गेले. निरोप समारंभ तीनला होता. दुकानात सलाउद्दीन एका म्हाताऱ्या माणसाशी हातवारे करून बोलत होता.

"सहादू बाबा, हरसूलकडचे," त्याने ओळख करून दिली. "यांचं मशीन तयार केलंय, फक्त सेल टाकायचा राहिला. शेजारून आणतो. तुमचा पण माल तयार आहे. तिथं फडक्यावर ठेवलाय. पाच मिनिटं, साहेब."

सलाउद्दीन गेला. फडक्यावर दोन राखाडी डब्या होत्या, दोन्हींना क्लिप, दोन्हींना वायर. सहादू बाबा स्टुलावर बसून पगाऱ्यांकडे बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर अतिशय सभ्य उत्सुकता होती.

पगाऱ्यांना असा श्रोता कधी मिळाला नव्हता. त्यांनी गाण्याच्या फायलींचे प्रकार सांगितले. बॅटरी का फुगते ते सांगितलं. जर्मनीतल्या माणसाचं कुठे चुकलं तेही सांगितलं. म्हातारा एकदाही जांभई न देता मान डोलवत राहिला. कार्यालयातल्या शिकल्यासवरलेल्या लोकांपेक्षा या खेड्यातल्या माणसाला जास्त कळतं, असं पगाऱ्यांना मनापासून वाटलं.

मग सलाउद्दीन आला आणि त्याने एका डबीत सेल टाकून ती परत फडक्यावर ठेवली. तेवढ्यात बाहेर एक रिक्षावाला बंद पडलेला टेप घेऊन ओरडायला लागला, म्हणून तो पुन्हा उठला. "एक मिनिट साहेब, चालवून दाखवतो."

"चालवून मला दाखवायचं?" पगारे म्हणाले. "तू तुझं गिऱ्हाईक बघ."

त्यांनी दोन्ही डब्या निरखल्या. एकीला दोन कानांची वायर होती, दुसरीला एकाच कानाची. एका कानाची डबी त्यांनी उचलली. लताबाई रस्त्याने गाणी ऐकत चालल्या तरी दुसऱ्या कानाने गाडीचा हॉर्न ऐकू यावा, हा कंपनीचा विचार त्यांना फार आवडला. डबीवर बारीक अक्षरात एम आणि टी असं लिहिलं होतं. एम म्हणजे म्युझिक. टी म्हणजे ट्यून. त्यांनी ती मखमलीवर ठेवली, झाकण लावलं, म्हाताऱ्याला नमस्कार केला आणि निघाले.

तीन वाजता सभागृहात कार्यालयाच्या मोठ्या साहेबांनी लताबाईंना शाल आणि नारळ दिला. लताबाईंनी नवी जांभळी साडी नेसली होती आणि गजरा माळला होता. सिन्नरहून मुलगा-सून येणार होते, ते एसटीत अडकले होते, म्हणून त्या सारखं दाराकडे बघत होत्या. मग पगारे उठले. चार शब्द म्हणून त्यांनी बरेच घेतले.

"मंडळी, वस्तू दिसायला एवढीशी आहे. पण लताबाईंच्या पुढच्या आयुष्यात ही कायम त्यांच्या कानाशी राहील," ते म्हणाले, आणि मखमली डबी उघडून वायर त्यांनी स्वतः लताबाईंच्या कानात बसवली. खटका एमवर सरकवला.

लताबाई दचकल्या. त्यांचे डोळे मोठे झाले.

"येतंय ऐकू?" पगाऱ्यांनी विचारलं.

"येतंय की."

"काय येतंय?"

लताबाईंनी जरा वेळ कान दिला. "पंखा," त्या म्हणाल्या. "कुरकुर करतोय. आणि मागं कोणतरी वेफर खातंय."

सगळे हसले. मागच्या रांगेत राज नावाचा लेखनिक खायचा थांबला. पगाऱ्यांनी चाक फिरवून आवाज वाढवला, तशी डबी शिट्टी मारल्यासारखी केकाटली. त्यांनी घाईने चाक कमी केलं, पुन्हा वाढवलं, पुन्हा केकाटली. घाम फुटला तसे डबी लताबाईंच्या हातात देऊन ते मागे उभ्या आफियाजवळ गेले आणि अगदी हळू, ओठ न हलवता म्हणाले, "बाईंनी काहीतरी दाबलं असणार. एकतीस वर्षांत फाईल धड कळली नाही, बटण काय कळणार."

"बटणाला मी हात नाय लावला, भाऊसाहेब," लताबाई म्हणाल्या.

पगाऱ्यांचं वाक्य त्यांच्या शेजारी उभ्या आफियालाही जेमतेम ऐकू आलं होतं. लताबाई पाच हात लांब होत्या.

आफियाने पुढे होऊन डबी उलटी केली. मागच्या पट्टीवरचं तिने मनात वाचलं आणि पगाऱ्यांकडे बघितलं. "सर, हे श्रवणयंत्र आहे. एम म्हणजे माईक," ती शक्य तितकं हळू म्हणाली. पण यंत्र लताबाईंच्या कानात होतं, त्यामुळे ते सगळ्यात आधी त्यांनाच ऐकू आलं.

त्यांचा चेहरा उतरला. त्यांना कमी ऐकू येतं हे कार्यालयात कोणी कधी बोललं नव्हतं. पगाऱ्यांना तर ते माहीतच नव्हतं. हाक मारली की या मुद्दाम ऐकून न ऐकल्यासारखं करतात, असं ते धरून चालत आणि दोनदा त्यांनी तशी तोंडी तक्रारही केली होती. पण राजच्या चेहऱ्यावर, साहेबांच्या चेहऱ्यावर, सगळ्यांच्या चेहऱ्यावर आता एकच होतं. पगाऱ्यांनी निरोपाच्या दिवशी, भर सभेत, बाईला बहिरी म्हणून दाखवलं.

लताबाईंनी वायर काढली, नीट गुंडाळली आणि यंत्रासकट मखमली डबीत ठेवली. "चांगलं हाय," त्या म्हणाल्या. "आभारी हाय सगळ्यांची." आणि त्या पुन्हा दाराकडे बघायला लागल्या.

पगारे व्हरांड्यात आले. त्यांनी सलाउद्दीनला फोन लावला.

"या अल्लाह," सगळं ऐकून सलाउद्दीन म्हणाला. "मी आलो तर बाबा पण गेलेले. मला वाटलं आपापलं घेऊन गेले. साहेब, त्यांची नात दिशा वक्तृत्वात पहिली आलीय. आज तिचं भाषण आहे, पंचवटीत, मुलींच्या वसतिगृहात. नुसतं ते ऐकायला म्हातारा डोंगरातून आलाय. आठ दिवसांपासून मागे लागला होता, मशीन करून दे, मशीन करून दे."

"किती वाजता?"

"तीन."

घड्याळात साडेतीन होत आले होते. पगाऱ्यांनी आत जाऊन लताबाईंसमोरून डबी उचलली. "दुसऱ्याची आहे," एवढंच म्हणाले. देऊन काढून घेतलेली भेट हातात धरून ते सगळ्यांच्या मधून बाहेर गेले.

द्वारका चौकात रिक्षा अडकली. पगारे आयुष्यात पहिल्यांदा रिक्षात गप्प बसले होते. ते वसतिगृहावर पोचले तेव्हा मांडवातल्या खुर्च्या उचलणं चाललं होतं. कडुनिंबाखाली सहादू बाबा बसले होते, दोन्ही कानांत वायरी, आणि त्यांच्यासमोर गणवेशातली, दोन वेण्या घातलेली मुलगी उभी होती. तिच्या हातात चषक होता. चेहरा रडवेला.

"दिशा का तू?" पगाऱ्यांनी विचारलं.

तिने मान हलवली. "आबांचं यंत्र बिघडलंय. मी भाषण केलं, तर ते सगळ्यांना सांगतायत पोरगी लय चांगली गायली म्हणून. बाई हसल्या, मुली हसल्या. माझं भाषण पाणी आणायला जाणाऱ्या बायांवर होतं. माझ्या आजीवर. त्यांनी ते ऐकावं म्हणूनच मी लिहिलं होतं."

पगाऱ्यांनी डबी पुढे केली, आणि कोणी कसं, कुठे, काय केलं ते सांगितलं. काहीही वगळलं नाही. पंधरा मिनिटांचं व्याख्यानही वगळलं नाही.

"म्हणजे तुम्ही आबांना विचारलंच नाही?" दिशाने विचारलं.

"नाही. मी बोलत होतो."

तिने आजोबांच्या कानातल्या वायरी काढल्या आणि यंत्र बसवलं. म्हाताऱ्याने डोळे मिचकावले. मांडवातल्या खुर्च्यांचा खडखडाट ऐकून मान वळवली. मग पगाऱ्यांना बघून ओळखीचं हसला. "सकाळचं बाबा हायेत हे. लय बोलतात. मला काय बी आलं नाय ऐकू, पर माणूस मनापून बोलतोय दिसलं, म्हनून मान हलवली."

"आबा, परत म्हणू भाषण?" दिशाने विचारलं.

"म्हन की."

ती कडुनिंबाखाली ताठ उभी राहिली. अध्यक्ष महोदय, असं म्हणायची तिला सवय होती, तसं तिने म्हटलंही, आणि समोर अध्यक्ष म्हणून पगारेच होते. डोक्यावर दोन हंडे घेऊन चढ चढणाऱ्या आजीचं ती बोलली. आजी चढताना मोजत असे, पावलं नाही, थांबे. सहादू बाबांनी गुडघ्यावर हात ठेवून सगळं ऐकलं. शेवटी त्यांनी टोपी काढून डोळे पुसले आणि टोपी पुन्हा घातली.

"सात थांबं व्हतं," ते म्हणाले. "तू पाच बोललीस." आणि थोड्या वेळाने, "मघाचं गाणं बी चांगलं व्हतं."

पगाऱ्यांनी त्यांची क्षमा मागितली. यंत्र कानात असल्यामुळे ती त्यांना नीट ऐकू आली. त्यांनी नुसता हात हलवला आणि प्लेअर परत दिला. दिशाने मात्र हात हलवला नाही. ती चषक पोटाशी धरून बघत राहिली, आणि ते पगाऱ्यांना बरोबरच वाटलं.

ते कार्यालयात परतले तेव्हा सगळे गेले होते. लताबाई बाकावर एकट्या बसल्या होत्या, मांडीवर नारळ, शेजारी पिशवी. मुलाची एसटी शिंदे-पळशालाच बंद पडली होती. पगाऱ्यांनी प्लेअर त्यांच्यापुढे ठेवला. लताबाईंच्या डाव्या बाजूला बसून ते बोलायला लागले, मग उठून उजव्या बाजूला गेले, आणि कोणत्या कानाला नीट ऐकू येतं हेही आपल्याला माहीत नाही हे कळून समोर उभे राहिले.

"लताबाई, माझं चुकलं. आजचं तर चुकलंच. पण मी तुमची तक्रारसुद्धा केली होती."

"ठाव हाय," त्या म्हणाल्या. "साहेबांनी सांगितलं व्हतं. तवा मी काय बोलणार, ऐकू येत नाय म्हणून सांगितलं असतं तर नोकरी जाईल वाटायचं."

बाहेर वाहनतळावर कोणीतरी गाडी चालू करत होतं.

लताबाईंनी प्लेअर हातात घेऊन उलटासुलटा केला आणि त्यांच्याकडे परत सरकवला. "भाऊसाहेब, खरं सांगू का? ते मघाचं कानात घातलं ना, तर माझ्या बांगड्या वाजत्यात हे कळलं. लय वर्षांनी. मला गाणी नकोत. तसलं मिळालं तर बघा."

"उद्याच," पगारे म्हणाले. "उद्याच बघतो. कान तपासून घेऊ, मग त्यातले प्रकार असतात, डिजिटल, ॲनालॉग, मी आज रात्रीच एक तक्ता..."

"तुम्ही बरोबर या," लताबाई म्हणाल्या. "निवडायला आफिया येईल."