बिराजदार डॉक्टरांचा ‘हाव’वर विश्वास नाही

आमच्या लातुरात दातांचे डॉक्टर पुष्कळ, पण पेशंटने ‘हाव’, म्हणजे ‘हो’, म्हटलं की चिडणारे एकटे बिराजदार डॉक्टर. खालची दाढ काढायची असली की ते “बधीर झालं का?” असं विचारतच नाहीत. हातात पाण्याचा ग्लास देतात. चूळ धरताना पाणी ओठातून शर्टावर ओघळलं, तर पेशंट पास.

माझी खालची दाढ काढायची ठरली आणि माझी पाचावर धारण बसली. क्लासमध्ये फिजिक्स शिकवताना माझा आवाज शेजारच्या वर्गात जातो. त्या खुर्चीत मात्र नुसती कुजबुज निघाली. सुई केवढी लांब!

“डॉक्टर, दाढेशेजारीच टोचा ना. वरच्या दाताला तसंच टोचलं होतं.”

“सर, वरचं हाड भुसभुशीत, औषध मुरतं. खालचं पक्कं. तिथं घरातलं बटण दाबून भागत न्हाई, गल्लीची डीपीच बंद पाडावी लागते!”

म्हणजे पार मागे, जबड्यात शिरणाऱ्या नसेजवळच औषध. तिकडचा ओठ, जीभ, सगळंच बंद. टोचलं. थोड्या वेळाने ग्लास आला. ओठाला नुसत्या मुंग्या होत्या, पण एकदाचं उरकावं म्हणून मी म्हणालो, “हाव, झालं बधीर.”

“चूळ धरा.”

धरली. थेंबही सांडला नाही.

“नापास! शिकलेली माणसं अन् खोटं बोलायलेत!”

पुन्हा सुई. मी जीव मुठीत धरून बसलो. या खेपेला मात्र सगळा शर्ट भिजला आणि डॉक्टरांचा चेहरा खुलला. दाढ कधी निघाली, कळलंही नाही.

बाहेर बाकावर कापूस दाबून बसलो होतो. डॉक्टरांच्या आई त्यांचा डबा घेऊन आल्या. माझ्याजवळ टेकून हळूच म्हणाल्या, “दुखलं का, बाबा?”

मी मानेनेच नाही म्हटलं.

“खरं सांग. दवाखाना नवा व्हता तवा ह्यानं माझी दाढ काढली. बधीर कुठं झालं व्हतं! पर बाहेर पेशंट बसलेले. वरडले असते तर लेकाचं नाव गेलं असतं. हाव म्हनले अन् गप बसले. घरी रडताना पकडलं त्यानं मला.”

आत डॉक्टर हात धूत होते. आईंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला.

“दुखलं असंल तर मला सांग, त्याला नको. खालची दाढ काढायची असली की सकाळपासून घास उतरत न्हाई त्याच्या घशाखाली.”