सर्व प्रकारचं साहित्य मोफत

राजेहो, एक गोष्ट आधीच छातीवर हात ठेवून सांगतो. अख्ख्या वाशिम जिल्ह्यात साहित्याच्या कार्यक्रमाले लोक मालवाहू ऑटो करून आले असतील, तं ते फक्त माझ्याच! गर्दी कशी जमवावी ते या अमरदीपकडून शिकावं.

मंगरूळपीरहून मानोऱ्याले जाताना आमचं गाव लागते. तिथल्या सार्वजनिक वाचनालयाचा मी ग्रंथपाल. वाचनालय म्हणजे ग्रामपंचायतीची एक खोली, चार कपाटं आणि मी. वाचक एकच होते, जानराव सरपंच. ते पेपरातलं राशिभविष्य वाचायले येत. मग भविष्य मोबाइलवर यायले लागलं आणि तेही बंद झाले.

एक दिवस मात्र तेच दारात येऊन उभे राहिले.

"अमरदीप, या खोलीत आता नळाचे पाइप ठेवतो. पाइप निदान वापरून फुटते तरी! पुस्तकाले तं कोनी हात बी लावून नाई राह्यलं!"

ही खोली गेली की मी कशाचा ग्रंथपाल? पाइपांचा? पण चेहऱ्यावर दाखवलं नाही.

"भाऊ, रविवारी कार्यक्रम घेतो. बसाले जागा पुरनार नाई!"

"पुरली तं?"

"तं सोमवारी पाइप आना!"

बोललो खरा! घरी आलो आणि सुकेशनीले, म्हणजे बायकोले, बेत सांगितला. साहित्य म्हणजे काय, त्याचे प्रकार कोणते आणि माणूस वाचते काहून, यावर माझं भाषण. मग सगळ्यांले फुकट सभासद करून पुस्तकं घरी न्यायले द्यायची. कार्यक्रमाचं नाव 'साहित्य आपल्या दारी'!

ती भाकर थापता थापता म्हणाली, "अवो, साहित्य कायले म्हनता? साधं 'पुस्तकं' म्हना ना!"

"तुले नाई कळत! पुस्तक म्हटलं की लोकाले परीक्षा आठवते. साहित्य म्हटलं की कसं भारदस्त वाटते!"

"वाटन तं वाटन बाप्पा," ती म्हणाली आणि भाकर उलटली.

रहमतुल्लाभाईच्या ऑटोले भोंगा हाये. त्याले मी मजकूर लिहून दिला आणि तो गावभर न आजूबाजूच्या तांड्यांवर फिरला. "ऐका हो ऐका! रविवारी सकाळी वाचनालयापुढं सर्व प्रकारचं साहित्य मोफत! घरी घेऊन जा! येताना आधार कार्डाची झेरॉक्स सोबत आना!"

झेरॉक्स मी सभासद करण्यासाठी मागितली होती. पण राजेहो, आपल्याकडं 'मोफत', 'साहित्य' आणि 'आधारची झेरॉक्स' हे तीन शब्द एका ओळीत आले की पुढचं कोणी ऐकते का?

रविवारी सकाळी मी नवा शर्ट घालून पोचलो, तं वाचनालयापुढच्या मंडपात यात्रा भरलेली! बाया, म्हातारे, पोरं, सारे! कोणाजवळ पोतं, कोणाजवळ दोरी! तांड्यावरचा भाऊसिंग तं मालवाहू ऑटोच घेऊन आला होता. सगळ्यांत पुढं त्याच तांड्यावरची सुंदरबाई, डोक्यावर रिकामं टोपलं घेऊन.

माझे डोळेच भरून आले. पुस्तकं न्यायले टोपलं! काय ही ज्ञानाची भूक! सरपंचाकडं पाहिलं, तं त्यांचा आ वासलेला. मी मिशीवरून हात फिरवला न रहमतुल्लाभाईच्या ऑटोवरच्या भोंग्याचा माइक हातात घेतला.

"बंधूंनो आणि भगिनींनो! आधी मले सांगा, साहित्य म्हणजे काय?"

"ताडपत्री!" मागून एकजण ओरडला.

मी थरारलो. अरे, हे तं रूपक! "वा! काय बोललात! दुःखाचा पाऊस आला की मनावर पांघरायची ताडपत्रीच ती!"

"ताडपत्री हाये म्हनते बे!" गर्दीत कुजबुज झाली.

"फवारनी पंप!" भाऊसिंग ओरडला.

"शाब्बास! मनातल्या अळ्या मारणारा पंप! साहित्यात पंपही हाये!"

झालं! लोकांनी मोबाइल काढले. "अबे, लवकर ये! पंप बी देऊन राह्यले! बुढ्याचं आधार कार्ड घेऊन ये!" गर्दी आणखी वाढली. मी आणखी फुगलो.

"आता साहित्याचे मुख्य प्रकार किती?"

"दोन! लोखंडी न स्टीलचं!"

हे रूपक काही मले उलगडलं नाही. "दोन हे बरोबर! पण ते दोन म्हणजे गद्य आणि पद्य!"

रहमतुल्लाभाईचा भोंगा जुना, खरखर करणारा. त्यातून माझं गद्य न पद्य कसं बाहेर पडलं कोण जाणे! सुंदरबाई टोपलं खाली ठेवून मागं वळली आणि जोरात ओरडली, "वो बाई! गाद्या न पडदे!"

"गाद्या!" "पडदे!" "मले दोन गाद्या पाह्यजेत, घरात पाव्हने हायेत!" जो तो पुढं घुसायले लागला. मंडपाचा एक खांब वाकला. रेटारेटीत उद्घाटनासाठी टेबलावर झाकलेलं कापड ओढल्या गेलं आणि खालचं साहित्य उघडं पडलं.

पुस्तकं! नुसती पुस्तकं!

समोरच्यांनी टेबलाखालीही वाकून पाहिलं.

"पेट्या कुठी हायेत?" सुंदरबाईनं विचारलं.

"कोणत्या पेट्या?"

"भांड्याच्या! त्या पल्याडच्या गावात सरकारी साहित्य वाटप झालं, तथी पेट्या देल्या!"

तवा राजेहो, माझ्या डोक्यात उजेड पडला. आणि उजेड पडला तसा घामही सुटला.

"मावशी, साहित्य म्हणजे... हेच साहित्य."

"कागदं?" भाऊसिंग भडकला. "अबे, मी मजुरी बुडवून आलो! ऑटो भाड्यानं आनला! कागदं कायले देऊन राह्यला?"

"फसवलं रे! धरा त्याले!"

मी रहमतुल्लाकडं पाहिलं. तो ऑटो चालू करून बसला होता. "भाई, मैं तो वहीच बोल्या जो तुम लिख के दिये!" एवढं बोलून तो भुर्रकन गेला. सरपंच खुर्चीवर मांडी घालून मजेत बसले होते. "गर्दी तं झाली बाप्पा!" ते म्हणाले. "आता जित्ता राहशीन तं पाइप मोजाले ये!"

समोरून एक चप्पल आली. कानाजवळून गेली. भाषण तं केव्हाच विसरलो होतो. काही सुचेना, म्हणून हाताले लागलं ते पुस्तक उचललं, मधूनच उघडलं आणि जिवाच्या आकांतानं मोठ्यानं वाचायले लागलो:

"'गिरजा ऊस तोडून सहा महिन्यांनी गावी परतली. ट्रॅक्टरनं तिला पारावर उतरवलं. डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू घेऊन ती घरापाशी आली. दाराला कुलूप होतं. पण ते तिचं कुलूप नव्हतं.'"

दुसरी चप्पल उगारलेला हात तसाच वर राहिला.

"कोनाचं होतं मंग?" एक बाई बोलली.

"'गिरजानं किल्ली लावली. लागेना. एवढ्यात आतून कोणीतरी खोकलं.'"

"अगं माय!" सुंदरबाई टोपल्यावरच बसली. तिच्यामागं सारी बाया-माणसं मटकन खाली बसली. निम्मा तांडा नुकताच ऊस तोडून परतलेला. परक्या कुलपाचं भेव काय असते ते त्यांले कोणी सांगायची गरज नव्हती.

"'तिनं दगड उचलला. तोच आतून आवाज आला, गिरजे, कुलूप तोडू नको! गिरजाच्या हातून दगड पडला. आवाज तिच्या सासूचा होता. आणि सासूला जाऊन दोन वर्षं झाली होती.'"

कोणी खोकेना, कोणी हालेना! तेवढ्यात माझ्यातला ग्रंथपाल जागा झाला. मी पुस्तक फटकन मिटलं.

"पुढं?" सारे एकदम ओरडले.

"पुढचं पुस्तकात हाये!"

सुंदरबाई झपकन उठली आणि तिनं पुस्तक माझ्या हातातून हिसकून टोपल्यात टाकलं.

"मावशी, तुमाले वाचता येते?"

"मले नाई येत, नातीले येते! थे वाचन न मी ऐकीन! घे माही झेरॉक्स!"

"न आमी काय करावं मंग?" भाऊसिंग कळवळला. मी कपाटांकडं बोट दाखवलं आणि काय सांगू राजेहो, गाद्यांसाठी झाली नसती अशी झुंबड उडाली!

"मले जाडं पाह्यजे, उन्हाळाभर पुरनारं!" मी कादंबरी दिली.

"याच्यात तं सारे नुसते बोलूनच राह्यले!" एक बाई म्हणाली. "ते नाटक हाये," मी म्हटलं. "आमच्या घरी रोजच होते, दुसरं द्या!"

भाऊसिंगच्या हाती कवितासंग्रह लागला. त्यानं पानं चाळली आणि पुन्हा भडकला. "अर्धं पान कोरंच! यातबी माल कमी भरला काय?" त्याले बाजूले घेऊन एक कविता वाचून दाखवली. तो पुस्तक खिशात घालून म्हणाला, "राहू दे. थोडं हाये, पन झोंबते."

माझ्या भाषणात हेच सांगायले मी चार पानं लिहिली होती!

दुपारपर्यंत चारही कपाटं रिकामी! शिवणकामाचं पुस्तक गेलं, पंचांग गेलं, वाळवीनं खाल्लेलंही गेलं. सरपंच उठले आणि साऱ्या गावापुढं मोठ्यानं म्हणाले, "पाइप माह्या गोठ्यात ठेवतो! खोली वाचनालयाचीच!" टाळ्यांचा कडकडाट! मले भाऊसिंगनं खांद्यावर घेतलं. जिंकलो, राजेहो, जिंकलो!

गर्दी पांगल्यावर सरपंचानं मले हळूच बाजूले घेतलं. "अमरदीप, एक सांग. थे सासू तं मेली होती ना? मंग आतून बोललं कोन?"

मले काय माहीत! मीही तेवढंच वाचलं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळीच सायकल काढून तांड्यावर गेलो. सुंदरबाईच्या ओट्यावर नात वाचत होती आणि अंगणभर बाया बसल्या होत्या. मी मागून मान लांब केली, तं सुंदरबाईनं पुस्तक मिटायले लावलं.

"मावशी, एवढं शेवटचं पान पाहू द्या! मी ग्रंथपाल हावो!"

"असान! तुमच्या पुढं सरपंचाचा नंबर हाये," ती म्हणाली. "साहित्य मोफत हाये भाऊ, पन लाइनीतच भेटते!"