पाण्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह

ओसाकातल्या एका इस्पितळाच्या प्रयोगशाळेत मंगळवारी पाण्याला बुरशीचा संसर्ग झाल्याचे निष्पन्न झाले. रुग्णांच्या रक्तात बुरशीचा डीएनए आहे का, हे तिथे पीसीआरने तपासत. सोबत शुद्ध पाण्याची एक नळी लावत. पाणी निगेटिव्ह आले तरच रक्ताच्या निकालावर विश्वास ठेवायचा, असा नियम. त्या दिवशी पाणी पॉझिटिव्ह आले आणि रक्ताच्या सगळ्या नळ्याही.

चाचणी लावणारी पुण्याची कादंबरी हादरली. त्या नळ्यांत ओसाकात तिच्या शेजारी राहणाऱ्या नीलकंठरावांचे रक्त होते. ताप उतरला होता, शनिवारी पुण्यात लेकीचे लग्न होते आणि निगेटिव्ह रिपोर्टशिवाय डॉक्टर त्यांना सोडणार नव्हते.

संगणकाला मात्र पाणी आणि माणूस असा भेदभाव कुणी शिकवला नव्हता. त्याने निकाल परस्पर वॉर्डात कळवला. लगेच नर्सचा फोन आला.

"मिझु-सान यांची खाट तयार आहे. सोबत कोण येणार?"

"मिझु म्हणजे पाणी आहे हो ते! नळीतलं पाणी!"

"असं होय," नर्स अदबीने म्हणाली. "मग त्यांना ताप किती आहे?"

प्रयोगशाळाप्रमुख मोरिता-सेन्सेईंनी बैठक बोलावली. आधी सर्वांनी कमरेत वाकून पाण्याची माफी मागितली. मग संशयित म्हणून कादंबरीचा इडलीचा डबा पुढे आला. आंबवलेले पीठ! इडलीवर बंदी आली. पाणी आणखी पॉझिटिव्ह झाले. मग ब्रेड गेला, दही गेले, लोणची गेली. मंडळी उकडलेल्या बटाट्यावर आली, तोही मास्क न काढता खायचा. पाण्याला काही उतार पडेना.

शेवटी कादंबरीला राहवले नाही. "सेन्सेई, तुम्ही घरी सोयाबीन आंबवून मिसो घालता ना, त्यातली कोजी आपण शोधतोय त्याच बुरशीची सख्खी बहीण आहे. तुमच्या बाह्यांवरून ती रोज इथे येतेय. शिवाय मिसोचे डबे तुम्ही आम्हा सगळ्यांना वाटलेत."



"कादंबरी-सान," सेन्सेई दुखावल्या आवाजात म्हणाले, "कोजी बुरशी नाही. परंपरा आहे."

सर्वांनी माना डोलावल्या. तेवढ्यात नीलकंठरावांचा फोन आला.

"अगं, लग्न तोंडावर आलंय! रिपोर्ट दे की बाई एकदाचा!"

"काका, थोडं थांबा. पाणी अजून बरं नाहीये."

"पाण्याचं काय घेऊन बसलीस? मला कुठलंही चालतं!"

रुग्णांचा खोळंबा होतोय हे ऐकून सेन्सेई कळवळले. खोळंबा पाण्यामुळे होत होता, हे उघडच होते. पाण्याची नळी तातडीने रद्द झाली. त्या दिवसापासून प्रयोगशाळेत एकही चाचणी बाद ठरली नाही आणि वरून अभिनंदनाचे पत्र आले.

नीलकंठरावांचा रिपोर्ट वेळेत मिळाला. पॉझिटिव्ह. लेकीचे लग्न त्यांनी हाताला सलाइन लावून मोबाइलवर पाहिले. कादंबरी रडवेली होऊन म्हणाली, "काका, तुम्हाला काही झालेलं नाही. दुसरीकडे तपासू या ना!"

"कशाला? जपानी रिपोर्ट आहे, शिक्क्यासकट!" ते अभिमानाने म्हणाले आणि तोच रिपोर्ट त्यांनी कॅमेऱ्यासमोर धरून व्याह्यांना दाखवला.

हसलात? परवा तुमचा रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून तुम्ही पेढे वाटलेत. पाणी कसे आहे, हे विचारले होते?